सिद्धरामांच्या गावी संक्रांतीचे दिवस

सोलापूर हे बहुतेक मराठी माणसांना वाटेवरचे गाव म्हणून माहीत असते. तुळजापूर, अक्कलकोट किंवा गाणगापूरला जाणारा भाविक आणि विजापूरचा गोलघुमट पाहायला निघालेला प्रवासी येथे गाडी बदलतो, एखादी चादर आणि शेंगाचटणीचे पाकीट घेतो आणि पुढे जातो. या शहरात मुक्काम करून ते पाहावे, असे फार थोड्यांच्या मनात येते. माझ्या मैत्रिणीचे माहेर बाळीवेशीत असल्यामुळे तेथे राहण्याचे आमंत्रण मला कितीतरी वर्षांपासून होते. यंदा संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, ते स्वीकारले. या यात्रेला सारे गाव ‘गड्डा’ म्हणते. जुन्या शहराचा भूतकाळ त्याच्या इमारतींत जेवढा असतो, तेवढाच त्याच्या लोकांनी वाटून घेतलेल्या कामांत आणि मानांतही असतो, आणि सोलापुरात ही वाटणी पाहायची तर गड्ड्याचेच दिवस हवेत.

१२ जानेवारी : चौक आणि किल्ला

पुण्याहून संध्याकाळी निघणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री सोलापूरला पोचवते. पोचले तेव्हा हवेत चांगला गारवा होता. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे काकूंनी, दारातच सांगितले, “आधी हातपाय धू की, भाकरी गरम हाय.” ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि गरगट्टा असे जेवण होते. डाळी आणि पालेभाज्या एकत्र शिजवून घोटलेला गरगट्टा या भागातल्या लिंगायत घरांत हमखास होतो, आणि पुण्यामुंबईच्या खाणावळींत तो मी कधी पाहिलेला नाही.

गाडीचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्यांचाच दुसऱ्या दिवशी स्मृतिदिन होता. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सकाळी चार हुतात्मा चौकात गेले, तेव्हा पुतळ्यांना हार घातले जात होते आणि शाळांच्या मुलांच्या रांगा लागलेल्या होत्या. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी अशी ती चार नावे एकापाठोपाठ वाचताना शहराची वस्तीच नजरेसमोर उभी राहते.

त्या फाशीमागची हकिकत सोलापूरबाहेर जेवढी माहीत असायला हवी, तेवढी नाही. येथील नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला होता. महिन्याभराने गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांचे हे शहर पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढे मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, आणि याच प्रकरणात नंतर त्या चौघांना फाशी झाली. त्यानंतर सरकारी अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला आणि ९ ते ११ मे या दिवसांत रस्त्यांवरची व्यवस्था लोकांनीच सांभाळली. १२ मे रोजी इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत चालला. त्या काळात कोणी तिरंगा हाती घेतला तरी त्याला शिक्षा होत असे. शेजारी उभे असलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीला हे सारे सांगत होते. त्यांचे वडील गिरणीत साचे चालवत आणि मार्शल लॉच्या दिवसांत सैनिक रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यावरची गांधी टोपी काढायला लावत, असे त्यांनी घरी सांगितलेले होते. नात लक्ष देऊन ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, “मग पणजोबांनी टोपी काढली का ओ आजोबा?” आजोबा म्हणाले, “घरी येईपर्यंत खिशात ठेवली. घरी आल्यावर पुन्हा घातली.”

दुपारी भुईकोट किल्ला पाहिला. हा बहमनी काळातला किल्ला दुहेरी तटाचा आहे. त्याच्या एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आहे आणि बाकीच्या बाजूंना खंदक होता. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले सहज दिसतात, आणि आत उत्खननात सापडलेले एका मंदिराचे अवशेष आहेत. बहमनी राज्य फुटल्यावर आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सीमेवर हा किल्ला आला आणि लग्नाच्या बोलण्यांत सापडला. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम हिचा बुऱ्हाण निजामशहाशी विवाह झाला. त्या वेळी सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत कितीतरी वर्षे लढाया झाल्या. पुढे तालिकोटच्या लढाईपूर्वी चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले, तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापूरकडे गेला. नंतर औरंगजेबाची छावणी येथे पडली आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांचा सेनानी मुनरो याने पेशव्यांच्या सैन्याकडून किल्ला घेतला. किल्ल्याच्या आत आता बाग आहे. तेथे बसलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना आंदणाची ही गोष्ट माहीत होती, याचे मला फार बरे वाटले.

किल्ला पाहायचा असेल तर सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर जावे, कारण जानेवारीतसुद्धा सोलापूरचे ऊन दुपारी चांगलेच लागते. पाण्याची बाटली, डोक्याला टोपी आणि सकाळ-संध्याकाळसाठी एक शाल बरोबर ठेवावी.

तैलाभिषेकाचा दिवस

सिद्धरामेश्वर, म्हणजे सिद्धराम, हे बाराव्या शतकातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांचे ते समकालीन होते. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांच्या कन्नड वचनांची मुद्रा, म्हणजे वचनाच्या शेवटी येणारी त्यांची ओळखखूण. सोलापूरचे त्या काळातले नाव सोन्नलगी. काकूंनी मला त्यांच्या बालपणीची कथा सांगितली, ती त्यांच्या आजीकडून त्यांना मिळालेली होती. लहानगा सिद्धराम ज्वारीच्या शेतात राखण करत असता मल्लय्या नावाचा जंगम आला. मुलाने त्याला हुरडा खाऊ घातला. जंगमाने मग दहीभात मागितला. मुलगा घरी धावत जाऊन दहीभात घेऊन आला, तो जंगम नाहीसा झालेला. त्याला शोधत तो मुलगा थेट श्रीशैलापर्यंत गेला. काकू म्हणाल्या, “म्हणून आमच्याकडं पहिला हुरडा देवाला. मग आपण.”

श्रीशैलाहून परत आल्यावर सिद्धरामांनी काय केले, हे मला या साऱ्या चरित्रात सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी तळे खोदले. पाऊस बेभरवशाचा आणि जमीन तहानलेली अशा या प्रदेशात त्यांनी लोकांना हाती कुदळ घेऊन कामाला लावले, पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना केली, आणि खोदलेल्या तळ्याच्या मधोमध आज त्यांचे मंदिर उभे आहे. सोलापूरचे लोक त्यांना कर्मयोगी म्हणतात. पुढे याच गावात माग आले आणि गिरण्या आल्या. अंगमेहनतीच्या माणसांच्या या शहराला तळे खोदणारा संत ग्रामदैवत म्हणून लाभला, याचा विचार मी त्या दिवसांत पुन्हा पुन्हा करत होते.

यात्रेच्या आरंभी त्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. त्याला येथे यण्णीमज्जन हा कन्नड शब्द सर्रास वापरतात, मग बोलणाऱ्याच्या घरची भाषा कोणतीही असो. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज निघतात. हे नंदीध्वज सात आहेत आणि लोक त्यांना साधेपणाने ‘काठ्या’ म्हणतात. सजवलेली ती उंच काठी एकच माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो, बाकीचे त्याच्याभोवती सावध राहतात आणि खांदेकरी बदलत जातात. अंगात पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा आणि पुढे सनई-चौघडा व हलगी असा सारा थाट असतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने सांगितले, की सराव काही आठवडे आधीपासून रात्री चालतो, आणि काठी हाताने धरायची नसते, पोटाने आणि पायाने धरायची असते.

नंदीध्वजांचे मान वाटलेले आहेत. हिरेहब्बू आणि देशमुख घराण्यांनंतर माळी, सोनार आणि मातंग समाजांकडे हे मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. ज्या काळात गावाच्या वेशी जातीनुसार उघडत आणि मिटत असत, त्या काळातही ग्रामदैवताच्या यात्रेत मातंग समाजाच्या काठ्या इतरांच्या बरोबरीने चालत होत्या. याने जातिभेद संपला, असे मी म्हणणार नाही. परंतु हा मान कोणी दया म्हणून दिलेला नाही, तो हक्काने सांभाळलेला आहे, आणि काठी तोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो हक्क स्पष्ट दिसतो.

मिरवणुकीमुळे जुन्या पेठांतले रस्ते बंद असल्याने रिक्षा मिळेना, तेव्हा दुपारी चालत भैय्या चौकात गेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर तेथे स्मारक म्हणून जतन केलेले आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेला, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारला. घर मोठे नाही. सकाळी जो जमाव नंदीध्वजांमागे होता, त्यातली कितीतरी माणसे येथून जवळच राहतात. तरी त्या दुपारी आत मी आणि एक शाळकरी मुलगा असे दोघेच होतो. तो वहीत काही टिपून घेत होता. गड्ड्याच्या गर्दीत येणाऱ्यांनी या घरासाठी अर्धा तास काढावाच.

अक्षतांचा दिवस

सिद्धरामांच्या ध्यानाची जागा रोज झाडून सारवून, तेथे रांगोळी घालणारी एक कुंभारकन्या होती. तिने त्यांच्याशी लग्न करण्याची इच्छा सांगितली. ते विरक्त होते, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला अनुमती दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचे प्रतीक, आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर दरवर्षी होणारा अक्षता सोहळा हे ते लग्न.

आम्ही सकाळीच निघालो, कारण काकूंचे म्हणणे, “लग्नाला उशिरा गेलं तर जेवणच मिळतं, अक्षता मिळत नाहीत.” रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगोळ्यांचे गालिचे घातलेले होते. गच्च्या, पायऱ्या, दुकानांच्या फळ्या, सगळीकडे माणसे. घराघरांतून बायका नव्या साड्या नेसून, हातात अक्षतांची पुडी घेऊन निघाल्या होत्या. काकूंच्या शेजारणीने माझ्याही हातात पिवळ्या अक्षता दिल्या आणि विचारले, “मुलीकडच्या का मुलाकडच्या तुम्ही?” मी क्षणभर थांबले, तेव्हा त्याच म्हणाल्या, “आम्ही मुलीकडचे. माझं माहेर कुंभार गल्लीतलं.” आठशे वर्षांहून जुन्या कथेतली मुलगी त्यांना आपल्या माहेरची वाटत होती, आणि त्यांच्या बोलण्यात लग्नघरातली लगबग खरी होती.

“एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय” हा घोष लांबून येऊ लागला आणि मग घरांच्या वरून सरकत येणारी पहिली काठी दिसली. एकेक करून सातही नंदीध्वज कट्ट्यापाशी आले. सुगडीपूजन झाले. त्यानंतर ‘संमती’ म्हटली गेली. या लग्नाची मंगलाष्टके कन्नड आहेत. माझ्या पुढे एक तेलुगू बोलणारे कुटुंब होते, बाजूला दक्खिनी उर्दूत एकमेकांना जागा करून देणाऱ्या दोन मुली, मागे अस्सल सोलापुरी मराठी. त्यांच्यातल्या किती जणांना त्या कन्नड ओळींचा शब्दशः अर्थ लागत असेल, ते मी विचारले नाही. परंतु अक्षता टाकण्याची वेळ कोणाचीही चुकली नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी हजारो हात एकदम वर जात, आणि तांदळाचा तो सडा डोक्यावर, खांद्यावर, पदरात आणि शेजाऱ्याच्या लहान मुलाच्या केसांत पडत राही.

महाराष्ट्रात भाषेवरून पुष्कळ भांडणे होतात, सीमेवरच्या गावांत तर ती कडवट होतात. सोलापूरची मराठी ‘या की’, ‘बसा की’, ‘होय की’ अशी कन्नड वळणाने चालते, आणि शहराच्या पूर्व भागात दुकानदार एकाच गिऱ्हाइकाशी तीन भाषांत भाव करतो. याला मी शहराची श्रीमंती मानते. पुण्याच्या माझ्या परिचितांपैकी काही जण सोलापुरी बोलीला हसतात, ते मला कधीच आवडले नाही आणि त्या दिवसानंतर तर मुळीच आवडणार नाही.

ज्यांना हा सोहळा पाहायचा असेल, त्यांनी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. राहण्याची सोय महिनाभर आधी करावी. अक्षतांच्या दिवशी वाहन घेऊन जुन्या गावात शिरू नये. नंदीध्वजांच्या अगदी जवळ जाऊन छायाचित्रे काढू नयेत, कारण काठी तोलणाऱ्याला मोकळी जागा लागते. लहान मुले बरोबर असतील तर कट्ट्याजवळ जाण्यापेक्षा मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या घराच्या ओट्यावर थांबावे. लोक आपणहून जागा देतात, आणि तेथून नंदीध्वज कट्ट्यापेक्षाही चांगले दिसतात.

दुपारचे जेवण लग्नाचेच होते. गव्हाची खीर, म्हणजे येथली हुग्गी, भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि शेंगा पोळी. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ भरलेली ही पोळी तूप लावून खातात आणि ती प्रवासात काही दिवस टिकते. शेंगांची चटणी विकत घ्यायची असेल तर उखळात कुटलेली पाहून घ्यावी. कुटताना दाण्यांचे तेल सुटते आणि चटणी ओलसर, एकजीव होते. यंत्रात दळलेली कोरडी राहते आणि चव निराळी लागते. कडक भाकऱ्याही येथे घडीवर घडी रचून विकतात. त्या आमटीत किंवा दह्यात मोडून खायच्या.

कुडलसंगम आणि होमाची रात्र

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. मैत्रिणीच्या भावाने गाडी काढली आणि आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो. शहरापासून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटर असावे. विजापूर महामार्गावरून आत वळावे लागते आणि स्वतःचे वाहन असल्याशिवाय जाणे कठीण आहे. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसे भरू लागली होती, आणि बांधावर हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या होत्या. एका शेतकऱ्याने गाडी थांबवायला लावून आम्हांला हुरडा चोळून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

भीमा आणि सीना यांच्या संगमावर येथे संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. हरिहरेश्वर मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली होते, ते उकरल्यावर बहुमुखी शिवलिंग मिळाले. त्याच्यावर शेकडो लहान मुखे कोरलेली आहेत आणि प्रत्येक मुखाचा भाव जवळ जाऊन पाहावा असा आहे. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हा लेख जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची ओळ आहे. मराठीच्या अगदी जुन्या कालनिर्देशित लेखांपैकी हा एक. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. ते वीज मंडळात नोकरी करत आणि सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून दगडांवरची अक्षरे वाचत. नदीपलीकडे कर्नाटक दिसते. मराठीचा इतका जुना लेख कन्नड मुलखाच्या काठावर, एका शिवमंदिराच्या तुळईवर सापडावा, यात मला तरी नवल वाटले नाही. आदल्या दिवशी मी मराठी गावाच्या लग्नात कन्नड मंगलाष्टके ऐकली होती. तुळईखाली उजेड कमी असतो, म्हणून विजेरी बरोबर न्यावी.

संध्याकाळी परत येऊन होम मैदानावर गेलो. तेथे गड्ड्याची जत्रा भरलेली असते. पाळणे, मौत का कुवा, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकाने, भजी, चुरमुरे, आणि धुळीवर पडलेला रंगीत दिव्यांचा उजेड. त्याच मैदानावर रात्री होम होतो. पेंढ्यांची प्रतीकात्मक कुंभारकन्या करून, तिला वधूसारखे नेसवून, अग्नी दिला जातो, कारण कथेत लग्नानंतर ती मुलगी अग्नीत प्रवेश करते.

कथेचा हा शेवट मला अस्वस्थ करतो. आदल्या दिवशी सबंध गावाने जिच्यावर अक्षता टाकल्या, ती दुसऱ्या दिवशी जळते. मी काकूंना तसे बोलून दाखवले. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला पण लहानपणी रडू यायचं. आई म्हणायची, ती गेली म्हणून तर दरवर्षी बोलवतो की आपण तिला.” पटले असे मी म्हणत नाही. परंतु त्या मुलीला विसरू न देण्याची जबाबदारी बायकांनीच घेतलेली आहे, हे मी आजूबाजूला पाहत होते. होमापाशी हात जोडणाऱ्यांत त्याच अधिक होत्या.

होमानंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, पाने वगैरे मांडतात आणि ते कशाला तोंड लावते, बिचकते की शांत राहते, यावरून पाऊसपाण्याचा आणि भावांचा अंदाज सांगतात. मला हुरडा देणारा शेतकरीही गर्दीत भेटला. भाकणूक ऐकायलाच तो आला होता. त्याने मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाजही पाहून ठेवला होता आणि दोन्ही जुळतात का, ते तो उन्हाळ्यात पाहणार होता.

पूर्व भाग

निघण्याच्या दिवशी मागांचा खडखडाट पुन्हा सुरू झाला होता. यात्रेच्या सुटीत तो बराचसा थांबलेला होता. साखर पेठ, दाजी पेठ, तेलंगी पाच्छा पेठ असा हा सारा पूर्व भाग पद्मशाली समाजाच्या वस्तीचा आहे. तेलंगणातून आलेल्या या विणकरांनी सोलापूरचा हातमाग वाढवला. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली, तिला लोक आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. तिच्यामागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. एके काळी शहर भोंग्यावर उठत असे. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो घरे उघडी पडली, आणि ज्यांच्या हातात कसब होते ते यंत्रमागांकडे वळले. घरातल्या बायकांनी विड्या वळून संसार सावरले. सोलापूरच्या इतिहासात किल्ल्याला जेवढी पाने मिळतात, तेवढी या बायकांना मिळालेली मी पाहिलेली नाहीत.

एका छोट्या कारखान्यात मालकांनी आनंदाने आत बोलावले. ते स्वतःच मागावर उभे होते. ताणा बीमवर भरलेला, धोटा सपासप फिरणारा, आणि वर जकार्डवर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी सरकत होती. त्या भोकांच्या क्रमाने ताण्याचे धागे वर उचलले जातात आणि चादरीवर मोर, फुले, वेलबुट्टी उमटते. नक्षी छापलेली नसते, विणलेलीच असते, म्हणून ती दोन्ही अंगांनी दिसते, एकीकडे जो रंग गडद तो दुसरीकडे फिका. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरी दुसरीकडे विणलेला हलका माल याच नावाने सर्रास विकला जातो, याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले.

मी त्यांना आदल्या दिवसांबद्दल विचारले. “अक्षताला आम्ही सगळे जातो की ताई,” ते म्हणाले. “आमचा मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो, तेव्हा बाळीवेशीतले येतात. आमच्या आजोबांना इथं येऊन मराठी येत नव्हती. सिद्धेश्वराचं लग्न मात्र पहिल्याच वर्षी बघितलं म्हणायचे.” मुलगा काय करतो, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, आणि दरवर्षी गड्ड्याला रजा काढून येतो. माग पुढे कोण चालवणार, हा प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीच माग थांबवून सांगितले, की शेजारच्या दोन तरुणांना ते काम शिकवत आहेत. त्यांतला एक कन्नड घरचा आहे.

चादर घेताना काय पाहावे, हेही त्यांनी शिकवले. आधी वजन हाताने तोलून पाहावे, कारण अस्सल सुती चादर भारी लागते. मग काठाचा धागा ओढून पाहावा, आणि उलट्या बाजूची नक्षी सुलट्या बाजूशी ताडून पाहावी. पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो, म्हणून ती पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात भिजवावी. मी दोन चादरी घेतल्या. एक घरासाठी, आणि दुसरी काकूंच्या शेजारणीसाठी, जिने मला मुलीकडची करून घेतले होते. तिच्या चादरीचा रंग मालकांनीच निवडला. लग्नघरात हिरवाच द्यावा, असे ते म्हणाले.